परमुलखात एकटीचा पहिला दिवस

मैत्रिणींनो, परदेशच्या प्रवासाची वर्णनं आपण पुष्कळ वाचतो. अमुक राजवाडा पाहिला, तमुक बाजारात खरेदी केली, अमक्या पुलावर फोटो काढले. पण विमानातून उतरल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंतचा जो पहिला दिवस असतो, आणि तोही एकटीचा, त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. सहल-कंपनीबरोबर गेलं तर तो दिवस आपल्या वाट्याला येतच नाही म्हणा! नावाची पाटी घेऊन माणूस उभा असतो, त्याच्या मागोमाग बसमध्ये चढलं की झालं. एकटीला मात्र पहिला चहा कुठे प्यायचा इथपासून सगळं स्वतःच ठरवावं लागतं. आज मी तुम्हांला त्या एकाच दिवसाबद्दल सांगणार आहे. शहर बँकॉक, थायलंडची राजधानी.

मी काही मोठी धाडसी बाई नव्हे. कराडला राहणारी, सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवणारी, दोन मुलांची आई. २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघांनी जायचं ठरवलं होतं. स्वस्त मिळतात म्हणून तिकिटं जूनमध्येच काढून ठेवली होती, आणि स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, २० नोव्हेंबरला मतदान ठरलं, आणि ह्यांची तर सरकारी नोकरी! रजा रद्द, ट्रेनिंगचं पत्र हजर. माझी नोकरी अर्धवेळ, त्यामुळे माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. घरात तीन दिवस खल चालला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "एकाचं तिकीट बुडालं ते बुडालं. दुसरं कशाला बुडवता? जाऊ दे तिला. मुलांकडे मी बघते." निकाल लागला.

शेजारी मात्र भुवया वर गेल्या. "बँकॉकला? आणि एकटी?" त्या प्रश्नात काय काय दडलं होतं ते तुम्हांला सांगायला नको. आपल्याकडच्या पुरुषांच्या टोळ्या तिकडे कशाला जातात हे सर्वांना ठाऊक आहे, आणि शहराचं नाव त्यामुळे खराब झालं आहे. ते बँकॉक नाहीच असं मी म्हणणार नाही. ठरावीक गल्ल्यांत, रात्रीच्या वेळी ते आहे. पण दिवसाचं बँकॉक हे कष्टाळू बायकांचं शहर आहे, हे मी स्वतः पाहून सांगते. भाजीच्या गाळ्यावर बाई, खाण्याच्या गाडीवर बाई. बसमधली कंडक्टरसुद्धा बहुतेक बाईच, हातातली लांबट धातूची नळी खटखट वाजवीत तिकिटं देणारी. अशा गावात एकटी बाई रस्त्याने चालली तर कुणी वळूनही बघत नाही. आपल्या एस. टी. स्टँडवर मला जितकं अवघडायला होतं, तितकं तिथे झालं नाही.

आता प्रत्यक्ष दिवसाकडे वळू. मुंबईहून विमान साधारण चार-सव्वाचार तासांत पोचतं आणि बरीच विमानं रात्री निघून पहाटे उतरतात. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. म्हणजे आपल्या अंगात अजून रात्रच असते, आणि बाहेर मात्र शहर कामाला लागलेलं. विमानतळाचं नावच मुळी सुवर्णभूमी. ते वाचून जरा धीर येतो, परक्या दारावर ओळखीचं तोरण दिसावं तसा. गावाचं नाव थाई लोक बँकॉक म्हणत नाहीत, 'क्रुंग थेप' म्हणतात. थेप म्हणजे आपला देव. पूर्ण नाव तर एवढं लांबलचक की जगातल्या सर्वांत लांब स्थळनामांत त्याची गणना होते. त्यात महानगर आहे, अमर आहे, रत्न आहे, अगदी विश्वकर्मासुद्धा आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, तेव्हा ऐकीव माहितीवर विसंबू नका. निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. मी गेल्यानंतर, १ मे २०२५ पासून, एक नवीन गोष्ट आली आहे. प्रवेशाचं कार्ड आता पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत इंटरनेटवरून भरावं लागतं. ते फुकट असतं. त्याचे पैसे मागणारं पान उघडलं तर ते बंद करून टाका.

पैसे बदलायची घाई करू नका. सामान घेऊन बाहेर पडताच झगमगीत काउंटर दिसतात, तिथला भाव कमी. त्याच इमारतीत खाली, रेल्वेच्या मजल्यावर, दुसरे काउंटर आहेत, तिथे भाव बरा मिळतो. मी गेले तेव्हा एक बाट अडीच रुपयांच्या जरा खाली होता. मी मनाशी सरळ अडीचने गुणत होते. आपल्याला अडीचकी येते, त्याचा एवढा उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच झाला!

आणखी एक सांगू का? लिहावं की नाही असा विचार केला, पण बायकांच्या साप्ताहिकात नाही लिहायचं तर कुठे? तिथल्या स्वच्छतागृहांत आपल्यासारखी पाण्याची फवारणी असते. परदेश म्हणजे कागद, ही धास्ती निदान थायलंडपुरती तरी सोडून द्या.

विमानतळाच्या तळघरातूनच शहरात जाणारी रेल्वे सुटते. मक्कासान स्टेशनावर उतरून पायी पुलावरून गेलं की फेचबुरी हे भुयारी रेल्वेचं स्टेशन. तिथे मशीनमधून तिकीट म्हणून काळ्या प्लॅस्टिकची गोल चकती मिळते. आत जाताना ती टेकवायची, बाहेर पडताना फटीत टाकायची. माझ्या पुढच्या बाईने कसं केलं ते बघितलं आणि तसंच केलं. पहिल्या दिवसाचा हा सर्वांत सोपा नियम, आपल्याच वयाची, पिशवी घेतलेली एक बाई हेरायची आणि ती करील तसं करायचं. टॅक्सीच्या भानगडीत मी पडले नाही. सकाळी सातला टॅक्सी रस्त्यातच उभी राहते आणि मीटर पळत राहतो.

माझी खोली हुआ लाम्फोंग स्टेशनाजवळच्या गल्लीत होती. हे शहराचं जुनं रेल्वे स्टेशन. लांब पल्ल्याच्या बऱ्याचशा गाड्या जानेवारी २०२३ पासून दुसरीकडून सुटतात, त्यामुळे तिथे आता जरा शांतता आहे. नऊच्या सुमाराला मी दारात उभी. पण खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही, हा बहुतेक ठिकाणचा नियम. म्हणजे रात्रभर जागलेली बाई, अंघोळ नाही, आणि पुढे पाच तास. ह्यासाठी आधीच मनाची तयारी ठेवा. सामान ठेवून घ्यायला कुणी नाही म्हणत नाही. तोंड धुवा, कुर्ता बदला, नि बाहेर पडा. तिथे बाकावर डुलक्या घेत बसलात तर सगळा दिवस आंबतो.

निघण्याआधी दोन कामं मात्र करायची. ज्या घरी उतरलो त्याचा पत्ता थाई अक्षरांत लिहून घ्यायचा, कारण रोमन अक्षरांतला पत्ता रिक्षावाल्याला वाचता येईलच असं नाही. दुसरं, शाकाहारी असाल तर 'माशाची चटणी, कोळंबी, मांस, अंडं नको' हेही थाईमध्ये लिहून घ्यायचं. माझ्या मालकीणबाईंनी दोन्ही एकाच कागदावर लिहून दिलं. तो कागद मी चार दिवस मंगळसूत्राइतका जपला!

मैत्रिणींनो, परक्या जागी पहिला दिवस कसा काढायचा हे आपल्याला वेगळं शिकवायला हवं का? सासरी पहिल्या दिवशी आपण काय करतो? साखरेचा डबा कुठल्या फळीवर, नळाला पाणी किती वाजता, मागच्या दाराची कडी कशी लागते, हे गुपचूप बघून ठेवतो. कुणावर एकदम विश्वास टाकत नाही आणि कुणाशी वाकड्यातही जात नाही. भाषासुद्धा जरा निराळीच असते. माझ्या माहेरी ज्याला कालवण म्हणतात त्याला सासरी आमटी म्हणायचे. तेव्हा तर सोबत परतीचं तिकीटही नव्हतं! बँकॉकला मी हेच केलं. पहिल्या दिवशी बघायचं थोडं आणि ओळखून घ्यायचं जास्त. दुकान कुठे, स्टेशन कुठे, अंधार पडल्यावर कुठला रस्ता उजेडाचा.

म्हणून राजवाडा मी दुसऱ्या दिवसावर टाकला आणि आधी बाजारात गेले. सनम चाई स्टेशनापासून दहा मिनिटं चाललं की पाक ख्लोंग तलात नावाचा फुलबाजार लागतो. अहो, काय सांगू! झेंडूचे ढीग, ऑर्किडच्या जुड्या, कमळाच्या कळ्या, आणि त्यांच्या पाकळ्या आत दुमडून दुमडून त्यांची वेगळीच फुलं करीत बसलेल्या बायका. मोगऱ्याच्या छोट्या माळा ओवत होत्या, देवाला वाहायच्या. त्यांत पांढरी, मेणासारखी टपोरी फुलं दिसली. जवळ जाऊन बघते तर रुईची! आपण शनिवारी मारुतीला घालतो तीच. थाई भाषेत रुईच्या फुलाचं नाव आणि प्रेम ह्यांना एकच शब्द आहे, 'राक', म्हणून लग्नाच्या माळांतही ती लागतात. रुईची माळ लग्नात! आमच्या गावात कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

एका गाळ्यावर केळीच्या सोपटाच्या चकत्या कापून त्यांना केळीच्या पानाच्या टोकदार घड्या टाचण्याचं काम चाललं होतं. पुढच्या पौर्णिमेला त्यांच्याकडे 'लॉय क्रथोंग' हा सण असतो. ह्या होडीत फूल, उदबत्ती आणि मेणबत्ती ठेवून नदीत सोडतात. म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमाच. त्या बाईला मी खुणेनं सांगितलं, आमच्याकडेही असं करतात. तिला कितपत कळलं देव जाणे, पण ती हसली आणि म्हणाली, "खा, खा." थाई बायका प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदरार्थी 'खा' लावतात. भेटल्यावर 'सवात्दी खा', त्यातलं सवात्दी आपल्या स्वस्तिवरूनच आलेलं. आभार मानायचे तर 'खोप खुन खा'! पहिले दोन तास मला वाटत होतं, सगळं शहर मला जेवायला बसवतंय.

तिथून वाट फो हे देऊळ जवळ आहे. वाट म्हणजे मंदिर-मठ. दार शोधत राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत आले, तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ पुढे आले. "इंडिया? नमस्ते!" मग अगदी आपुलकीनं म्हणाले, राजवाडा आज बंद आहे, आत विशेष पूजा आहे, दोन वाजता उघडेल. तोपर्यंत हा माझा रिक्षावाला तुम्हांला तीन देवळं दाखवील, फक्त वीस बाट. आता सांगा, वीस बाट म्हणजे पन्नास रुपये. तेवढ्यात आमच्याकडे रिक्षा स्टँडपासून शाळेपर्यंतही जात नाही. आपल्याला भाजीवाली "ताई, तुमच्यासाठी म्हणून" म्हणाली की आपण आधी तराजूचा काटा बघतो. मी नुसतं हसून 'खोप खुन खा' म्हटलं आणि पुढे चालू लागले. शंभर पावलांवर राजवाड्याचं दार सताड उघडं, आणि माणसांची ही गर्दी!

ही युक्ती तिथे फार जुनी आहे. ती रिक्षा देवळांवरून फिरत फिरत शेवटी रत्नांच्या नाही तर शिंप्याच्या दुकानाशी थांबते, आणि रिक्षावाल्याला दुकानाकडून दलाली मिळते. एरवी पुरेसे शहाणे असलेले लोक तिथे नीलम म्हणून काच घेऊन येतात. राजवाडा बंद आहे की उघडा, हे राजवाड्याच्या दाराशीच जाऊन बघायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. अडचण आलीच तर पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५. तिथे इंग्रजी बोलतात.

वाट फोमध्ये मी गेले तेव्हा तिकीट तीनशे बाट होतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणजे आपली साडी किंवा पंजाबी ड्रेस अगदी योग्य. चपला काढून आत जायचं. पाय मूर्तीकडे करून बसायचं नाही, आणि बाईने भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, हातातून हातात वस्तूही द्यायची नाही. गाडीत त्यांच्यासाठी वेगळी जागा राखलेली असते, तिथे बसू नका. आत पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती आहे, ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. खांबांच्या मधून आधी नुसता खांदा दिसतो, मग चेहरा, आणि चालत चालत तळव्यांशी पोचलं की त्यांवर शिंपल्याच्या चमकत्या तुकड्यांनी काढलेली १०८ शुभचिन्हं. पाठीमागच्या बाजूला भिंतीशी १०८ पितळी वाडगी ओळीनं मांडलेली. एकेकात एकेक नाणं टाकत जायचं. त्या नाण्यांचा टण टण असा सारखा आवाज चाललेला असतो. मी टाकत टाकत गेले, आणि चाळिसाव्या वाडग्याशी लक्षात आलं की आज सकाळपासून मी कुणाच्याही मागे 'आटप लवकर' म्हणून लागलेले नाही, आणि माझ्याही मागे कुणी लागलेलं नाही.

शिक्षिका म्हणून मला तिथलं आणखी एक आवडलं. तिसऱ्या रामा राजाच्या काळात, १८३१ नंतरच्या दहा वर्षांत, वैद्यकापासून काव्यापर्यंतचं ज्ञान दगडी पाट्यांवर कोरून देवळाच्या भिंतींत बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावं म्हणून. २०११ मध्ये युनेस्कोने त्या लेखांची जागतिक ठेवा म्हणून नोंद केली. अंग रगडण्याच्या नसांचे नकाशेसुद्धा त्यांत आहेत, आणि ती विद्या तिथे आजही शिकवतात.

आता जेवण. थाई स्वयंपाकात माशाचं खारं पाणी, 'नाम प्ला', हे मिठाच्या जागी पडतं, पालेभाजीतसुद्धा. म्हणून नुसतं 'भाजी' म्हणून भागत नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत, सतराच्या इंग्रजी आकड्यासारखी दिसणारी एक खूण शोधायची. तिचा उच्चार 'जे'. तिथे मांस-मासे नाहीतच, पण दूध-अंडं आणि कांदा-लसूणही नाही. आपला चातुर्मासच म्हणा ना! वर्षातून नऊ दिवस त्यांचा ह्या जेवणाचा खास सण असतो. २०२४ साली तो आपल्या घटस्थापनेच्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला, सुरू झाला होता.

अशा एका गाडीवर मी उभी राहिले. सात-आठ परातींत भाज्या मांडलेल्या. बाई पळी एकेका परातीवर धरून माझ्याकडे बघायची, हे? की हे? आणि मैत्रिणींनो, मला काही सुचेना. वांगं धाकट्याला चालत नाही, दुधी ह्यांना आवडत नाही, सोयाचं काही केलं तर सासूबाईंना पचत नाही, हे सगळं डोक्यात येऊन गेलं. मला काय आवडतं? चौदा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता असं नाही, पण उत्तरासाठी थांबलं कोण होतं? मागे रांग लागली. शेवटी मी वांग्यावर बोट ठेवलं. जरा गोडसर, वर तुळशीसारखी पानं. दोनदा घेतलं.

दोनला खोली मिळाली, अंघोळ झाली, आणि तीनच्या सुमाराला पोटात एकदम खड्डा पडला. हे तुम्हांला मुद्दाम सांगते, कारण ते होतंच. भीती अशी नसते. पंखा फिरत असतो, बाहेर न कळणाऱ्या भाषेत कुणी बोलत असतं, आणि आपण इथे कशाला आलो हेच कळेनासं होतं. मी घरी फोन लावला. धाकट्याचा पहिला प्रश्न, "आई, टीव्हीचा रिमोट कुठे ठेवलायस?" मुलगी खेळायला गेली होती. सासूबाईंनी धिरडी केली होती. ह्यांचं ट्रेनिंग चाललं होतं. घर व्यवस्थित चाललेलं पाहून मला हायसं वाटलं की वाईट वाटलं, हे अजून ठरवता आलेलं नाही. फोन ठेवल्यावर थोडी रडले आणि दोन तास गाढ झोपले. त्या वेळी परतीची तारीख अलीकडे आणण्याचा वगैरे निर्णय करू नका. आधी झोपा.

उठून पुन्हा स्टेशनाकडे गेले, सोललेलं पपनस घेतलं. ते तिखट-मीठ-साखरेत बुडवून खातात, झकास लागतं. घड्याळात सहा वाजले आणि एकाएकी सगळी माणसं होती तिथे उभी राहिली. माझ्या छातीत धस्स झालं, काय झालं तरी काय? मग गाणं ऐकू आलं. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी त्यांचं राष्ट्रगीत लागतं. मीही हातात पपनसाची पिशवी धरून ताठ उभी राहिले. गीत संपलं, शेजारच्या आजीबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि जो तो आपल्या वाटेला लागला.

आठच्या आत खोलीवर आले. कडी लावली, पासपोर्ट उशीखाली ठेवला, ओढणी धुऊन वाळत घातली. मग हिशेब लिहिला. गाड्या, देऊळ, दोन वेळचं खाणं, फळ आणि वीस बाटची मोगऱ्याची माळ मिळून, खोली सोडून, सातशे बाटच्या आत. म्हणजे सोळा-सतराशे रुपये. माळ आरशाच्या खिळ्याला अडकवली होती, रात्रभर वास येत होता.

राजवाडा मी दुसऱ्या दिवशी पाहिला. दार साडेआठला उघडतं, मी आठलाच रांगेत होते. त्याची वर्णनं आणि फोटो तुम्हांला कुठेही मिळतील.